बुंदी पॉझिटिव्ह

४ एप्रिल २०२१, रविवार

नवी वही सुरू करते आहे. सदतीस वर्षं फायली लिहिल्यावर एक सवय लागते: नोंद अशी हवी, की उद्या तिसऱ्याच माणसाने वाचली तरी त्याला कोणाला काही विचारावं लागू नये. म्हणून आधी माणसं.

मी वासंती. वय अडुसष्ट, निवृत्त अवर सचिव, अविवाहित. दिल्लीतल्या मयूर विहारचा हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या नावावर. लतिका माझी धाकटी बहीण, वय त्रेसष्ट, विधवा, दमेकरी. सहा वर्षांपूर्वी भोपाळहून चार दिवसांसाठी आली ती राहिलीच. बुंदी ही मांजर, पिवळी, पोट पांढरं. गेल्या वर्षीच्या लॉकडाउनमध्ये लतिकाला जिन्यात सापडली, आणि तीही राहिलीच. या घरात जो येतो तो चार दिवसांसाठीच येतो.

आज सकाळी बुंदीला रेबीजचं इंजेक्शन द्यायला वरच्या मजल्यावरची जनावरांची डॉक्टर आली होती. मैत्री रामटेके, गाव भंडारा. आडनावावरून बाकीचं कळलंच. वय तीसच्या आत, केस कापलेले, आणि बोलणं असं की जणू हीच मोठी आणि आपण लहान. कुठल्याशा प्रयोगशाळेत मांजरांच्या नाकात काड्या घालून कोरोना शोधते म्हणे.

"घरात कोणाला कोविड होऊन गेला का?" तिने विचारलं.

"आमच्याकडे स्वच्छता असते," मी म्हणाले.

"स्वच्छतेचा प्रश्न नाही, मावशी. माणसाला झाला की त्याच्याकडून घरातल्या मांजरालाही होऊ शकतो. त्याचाच आम्ही अभ्यास करतोय."

"आणि मांजराकडून माणसाला?"

"तसं खात्रीने अजून कुठे आढळलेलं नाही."

"म्हणजे मांजर निर्दोष आणि माणूस गुन्हेगार. छान. आणि मी तुमची मावशी नाही."

"बरं, मॅडम."

लतिका मान खाली घालून बुंदीच्या कानामागे खाजवत बसली होती. लाज वाटली की ती असंच काहीतरी खाजवत बसते.

चहा दिला. ती दारात चप्पल घालत होती तेव्हा मी तिचा कप बाजूला काढून उकळतं पाणी घालून धुतला. तिने वळून पाहिलं असावं. पाहू दे. साथ आहे म्हणून धुतला, बाकी काही नाही.

१३ एप्रिल, मंगळवार

गुढीपाडवा. चेतनाकडे लक्ष्मीबाई नगरला जेवायला गेले होते. चेतना एकेकाळी माझ्या हाताखाली होती, आता तिला सरकारी घर आणि स्वतःचं मत दोन्ही मिळालं आहे.

लतिकाची निघताना कुरकुर. "ताई, या वर्षी नको ना. रोज आकडे वाढतायत."

"मी लस घेतली आहे. तू नाहीस, म्हणून तू घरी बस."

लतिकाचीही लस मार्चमध्येच ठरली होती, पण मला पहिल्या डोसनंतर दोन दिवस ताप होता. दोघी एकदम आडव्या झालो तर स्वयंपाक कोण करणार? म्हणून तिची पुढे ढकलली. साधा विचार आहे, पण तिला बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही.

चेतनाकडे बावीस माणसं. खिडक्या बंद, एसी चालू. श्रीखंड बाजारचं, पुऱ्या वातड. तिच्या नवऱ्याला सारखा खोकला येत होता. "डस्ट ॲलर्जी आहे, यार," म्हणत सगळ्यांना हाताने वाढत होता. मराठी घरात 'यार'. दिल्लीत तीस वर्षं काढली की माणसाचं असं होतं.

१७ एप्रिल, शनिवार

घशात खवखव. चेतनाकडचा एसी. यांना हवा खेळती ठेवणं माहीतच नाही.

लतिका वाफेचं भांडं घेऊन खोलीत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "एकदा तपासून घेऊ या का?" मी म्हटलं, तुला दुसऱ्याच्या घशाची फार चिंता, स्वतःच्या पंपाकडे बघ. गेली.

१८ एप्रिल, रविवार

आमटीला चव नाही. चिंच नाही, गूळ नाही, हिंगाचा पत्ता नाही. मी स्पष्ट सांगितलं की हे पिवळं पाणी आहे. लतिकाने स्वतःच्या पानातली आमटी पुन्हा चाखून पाहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. चुकलं की ती अशी बघते.

एक मात्र चांगलं झालं. बाथरूममध्ये बुंदीच्या मातीच्या ट्रेचा जो घाणेरडा वास यायचा, तो दोन दिवस अजिबात येत नाही. वर्षभर बोलल्यावर लतिकाला स्वच्छता जमली म्हणायची.

१९ एप्रिल, सोमवार

आज रात्रीपासून लॉकडाउन. जाहीर झाल्याबरोबर मार्केटमध्ये दारूच्या दुकानासमोर ही रांग. गॅलरीतून पाहिली. देशावर संकट आलं की या शहराला तहान लागते.

दुपारी चेतनाचा फोन. नवरा पॉझिटिव्ह, पाडव्याला आलेल्यांपैकी पाच जण पॉझिटिव्ह. "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना?" रडत होती. मी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. तिच्या नवऱ्याची डस्ट ॲलर्जी आता कशी आहे, हेही विचारलं.

लतिकाला यातलं काही बोलले नाही. घाबरट आहे ती. ऐकूनच तिला दम लागायचा.

२१ एप्रिल, बुधवार

अंग मोडून आलं आहे. थर्मामीटर ९९.६ म्हणतो, पण तो जुना आहे.

दिवसभर पडून होते. बुंदी सकाळीच माझ्या उशीशी येऊन बसली. हिला या खोलीत मज्जाव आहे हे तिला कळत नाही की कळून घ्यायचं नाही, देव जाणे. हाकलायचं म्हणजे उठायला हवं, म्हणून राहू दिली. लतिकाने दिलेलं हळदीचं दूध अर्धं प्याले, उरलेलं बशीत ओतून तिला दिलं. वाया गेलं असतं. नंतर ती माझ्या गळ्याशी डोकं ठेवून झोपली. जनावराला माणसाची पारख नसते याचा हा पुरावा.

खोकला आला की कान हलवते, पण उठत नाही.

२२ एप्रिल, गुरुवार

मला बरं वाटतं आहे. मांजर शिंकली.

२४ एप्रिल, शनिवार

लतिकाला ताप, १०१. मांजराच्या डोळ्यांतून पाणी, नाक वाहतं, दोन दिवस खाणं कमी. लतिका स्वतः तापात असताना मांजराला मांडीवर घेऊन तिचे डोळे कोमट पाण्याने पुसत होती. मी म्हटलं, दोघींचा एकच पाळणा करू का?

तिने मैत्रीला फोन केलाच. ही बया पांढरा सूट, दोन मास्क, चष्मा अशी चंद्रावर निघाल्यासारखी आली. बुंदीच्या नाकातून, घशातून नमुने घेतले. मग लतिकाच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. ९५.

"मावशी, तुमची टेस्ट आजच करायची. मी माणूस पाठवते." मग माझ्याकडे वळून, "घरात आधी कोण आजारी होतं?"

"कोणी नाही."

लतिका माझ्याकडे बघत होती. 

"मॅडम, तुम्हीही टेस्ट करून घ्या. आणि तोवर मास्क लावून वेगळ्या खोलीत राहा."

"माझी लस झाली आहे. माझ्या घरात कुठल्या खोलीत राहायचं ते मी ठरवते. चहा घेणार?"

"नको. कप दोनदा धुवावा लागेल."

उद्धट. यांना शिक्षण मिळालं, संस्कार कोण देणार?

२७ एप्रिल, मंगळवार

लतिका पॉझिटिव्ह. यंत्रावर ९३. माझी टेस्ट केलेली नाही, गरजच नाही, मी आता पूर्ण बरी आहे. म्हणजे बरी होतेच.

सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर ऑक्सिजन, बेड, ऑक्सिजन, बेड. मधेच एकाने काढ्याची कृती टाकली, तर दुसऱ्याने काढ्यात सुंठ की आलं यावर वाद घातला. बी ब्लॉकमधले दोघे कालपासून आज सकाळपर्यंत गेले. त्यांच्या बातमीखाली सुंठवाला हात जोडून मोकळा.

लतिका पडून आहे. बुंदी तिच्या पायाशी. मी दारातून जेवण सरकवते. आमटी मीच केली. चव आली.

२९ एप्रिल, गुरुवार

मैत्रीचा फोन. मांजर पॉझिटिव्ह.

"घाबरू नका," म्हणाली. "तिला फार त्रास होणार नाही, आठ-दहा दिवसांत बरी होईल. फक्त घरातच ठेवा, बाहेर सोडू नका. आणि आम्हाला पुढच्या आठवड्यात तिचा दुसरा नमुना हवाय."

मी फोन ठेवला आणि टेबलाशी बसले. सगळं लख्ख आहे. लतिका गेलं वर्षभर उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. बाहेरून येणारी एकच: बुंदी. जिने, गच्ची, कचऱ्याचे डबे, गॅलरीचे कठडे. ती आली शिंकत, लतिकाने तिला मांडीवर घेतलं, लतिका आजारी. पुरावा लेखी आहे, रिपोर्टवर शिक्का आहे. आणि ती पोरगी मला सांगते की मांजराकडून माणसाला होत नाही! अभ्यास करणाऱ्यांना समोरचं दिसत नाही, हे मी मंत्रालयात फार पाहिलं आहे.

लतिका आज ९१.

३० एप्रिल, शुक्रवार

काम केलं.

लतिकाला सकाळी झोप लागली होती. बुंदीला भाजीच्या जाड पिशवीत घातलं. वाटलं होतं ओरडेल, बोचकारेल. एक आवाज केला नाही. मूर्ख जनावर, फिरायला निघालोय असं वाटलं असेल. बॅरिकेडवर पोलिसाला लतिकाचं औषधाचं प्रिस्क्रिप्शन दाखवलं, त्याने पिशवीकडे पाहिलंही नाही. बॅटरी रिक्षाने यमुनेच्या खादरापर्यंत, म्हणजे नदीकाठच्या सखल पट्ट्यापर्यंत गेले, जिथे झाडांच्या नर्सऱ्या आहेत. एका कुंपणाच्या कडेला सावलीत पिशवी ठेवली. तिथे उंदीर आहेत, पाणी आहे, मांजराला आणखी काय हवं? पिशवीचं तोंड नाडीने बांधलं होतं. येताना सोडलं की नाही, आठवत नाही. सोडलं असणार.

ऊन फार होतं. घरी येऊन डेटॉलने अंघोळ केली.

लतिका जागी झाली तेव्हा पहिलं वाक्य: "बुंदी कुठे गेली?" मी म्हटलं, माझ्या खोलीत बंद केली आहे, डॉक्टरनेच सांगितलंय. तिने डोळे मिटले. म्हणाली, "तुझ्याकडे आहे ना, मग ठीक."

१ मे, शनिवार

सकाळी ८६. ओठ निळसर.

मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. दोन निवृत्त सहसचिव, एक सध्याचे संचालक. सगळ्यांनी माझी विचारपूस केली. 'जरूर बघतो मॅडम' म्हणाले. एकाचाही उलट फोन नाही. सदतीस वर्षं मी यांच्या इंग्रजीतल्या चुका झाकल्या.

शेवटी वर जाऊन ५०२ची बेल वाजवली. मैत्रीने काही विचारलं नाही. जिन्यातच बसून ती फोन लावत सुटली. कॉलेजातली मुलं, औषधांचे एजंट, कोणी घोड्यांचा डॉक्टर. तासाभरात गोठ्यात वापरायचा असावा असा एक डागाळलेला सिलिंडर आला, तो तिने स्वतः जोडला. दुपारी वैशालीतल्या एका लहान नर्सिंग होममध्ये बेड मिळाला. ॲम्ब्युलन्समध्ये लतिकाशेजारी मी बसायला गेले तर ड्रायव्हर म्हणाला, "आंटी, आप बुज़ुर्ग हो, आप नहीं." मैत्री बसली.

लतिकाने मला हाताने खूण केली. वाटलं, काही शेवटचं सांगते आहे. वाकले. मास्कमधून म्हणाली, "तिच्या डोळ्यांत थेंब घाल."

४ मे, मंगळवार

लतिका ऑक्सिजनवर, पण स्थिर. रोज सकाळी अकराला तिथली नर्स दोन मिनिटं फोन देते.

"बुंदी खाते का?"

"खाते."

"काय खाल्लं?"

"दही-भात."

"दह्याला तोंड लावत नाही ती."

"आता लावते. मी लावायला शिकवलं."

लतिका हसली आणि खोकली. तिला बरं वाटावं म्हणून उद्या पडद्यावर चढली असं सांगेन. खोटं बोलणं हा मूर्खांशी बोलण्याचा सोपा मार्ग आहे, हे ऑफिसातही होतंच. मात्र ते रोज नवीन रचावं लागतं याचा कंटाळा येतो.

घर फार शांत आहे. बरं वाटतं.

६ मे, गुरुवार

मैत्री आली, काडी आणि बरणी घेऊन.

"बुंदी कुठे आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"सोडून आले. खादरात."

 तिने हातमोजे काढून पिशवीत टाकले. "का?"

"तिने माझ्या बहिणीला आजार दिला म्हणून. तुमचाच रिपोर्ट आहे."

"तुम्ही कधी आजारी होतात, मॅडम?"

"मी आजारी नव्हते."

"लतिकामावशी म्हणाल्या, तुम्हाला वास येत नव्हता. चवही नव्हती."

"साफ खोटं. ती तापात होती. माझ्याकडे तारखेनिशी लेखी नोंद आहे." मी आत जाऊन ही वही आणली. हिच्यासारख्यांच्या तोंडावर कागद टाकल्याशिवाय ती गप्प बसत नाहीत. उभ्यानेच वाचायला लागले. "सतरा एप्रिल, घशात खवखव. चेतनाकडचा एसी. अठरा एप्रिल. आमटीला चव नाही."

वाचत गेले. ट्रेचा वास येत नाही, तेही वाचलं. एकोणीसची नोंद वगळली. एकवीस: अंग मोडून आलं आहे. मांजर उशीशी. बशीत दूध. बावीस: मला बरं वाटतं आहे.

"पुढे," मैत्री म्हणाली.

पुढे तीन शब्दसुद्धा नाहीत. दोनच आहेत. ते मला वाचता आले नाहीत.

ती ओरडली असती तर मी तिला घराबाहेर काढलं असतं. ती ओरडली नाही. "तिला काही औषधसुद्धा लागत नव्हतं," एवढंच म्हणाली. "नुसतं घर लागत होतं." आणि बरणी तशीच रिकामी घेऊन गेली.

७ मे, शुक्रवार

लिहिण्यासारखं काही नाही. एकोणीस एप्रिलची नोंद तीनदा वाचली. अक्षर नीट आहे.

८ मे, शनिवार

विज्ञान काय, आज एक सांगतं, उद्या दुसरं. मांजराने मला आधी दिला असेल आणि शिंकली नंतर असेल. असं होऊ शकतं. मी फोन करून मैत्रीला विचारलं. ती म्हणाली, "बुंदी पाडव्याच्या जेवणाला गेली होती का?" चेतनाकडच्या जेवणाचं तिला लतिकानेच सांगितलं असणार. पाच जणांचं मात्र लतिकालाही माहीत नाही. ते फक्त मला आणि या वहीला माहीत आहे.

उन्हात खादरात जाऊन आले. कुंपणाजवळ पिशवी नाही, मांजर नाही. निवृत्त अवर सचिव, गुडघे धरून गवतात वाकलेली, 'बुंदी, बुंदी' करते आहे, आणि नर्सरीतला एक म्हातारा फुलझाडांना पाणी घालता घालता मला विचारतो, "माताजी, मिठाई ढूँढ रही हो?" याहून हास्यास्पद बाई मी आजवर पाहिलेली नाही. पाहिली असती तर तिच्याबद्दल पानभर लिहिलं असतं.

१० मे, सोमवार

सापडली.

तिसऱ्या नर्सरीच्या मागे ताडपत्रीची झोपडी आहे. खाटेवर पन्नाशीची बाई वाटाणे सोलत होती. रामवती, बदायूंची. खाटेखाली बुंदी, कुशीवर पडलेली, स्वस्थ. नाक कोरडं, डोळे स्वच्छ. तिने मला पाहिलं, उठली आणि खाटेच्या आणखी आत गेली.

"ये बिल्ली हमारी है," मी म्हणाले.

"आपकी है? तो थैले में क्यों थी?" बाईने वाटाणे सोलणं थांबवलं नाही. "मुँह बँधा था थैले का। इस धूप में। मेरी बहू ने खोला तो आधी मरी पड़ी थी।"

मी म्हणाले की काही गैरसमज आहे. मी कोण आहे ते सांगितलं. मंत्रालय, पद, किती वर्षं.

"तो?" ती म्हणाली.

या प्रश्नाला उत्तर नसतं हे मला सदतीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. कारण तो विचारायची कोणाची टाप नव्हती.

"बिल्ली मेरी बहन की है। वो अस्पताल में है।"

आता तिने हात थांबवले. माझ्याकडे नीट पाहिलं. "अच्छा। ठीक हो जाए तो बहन आए। बहन को दे दूँगी। आपको नहीं।"

चिखल सारवलेल्या अंगणात उभी राहून अंगठाछाप बाई मला 'आपको नहीं' म्हणते, आणि मी 'जी' म्हणते. खरंच म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

लतिकाच्या फोनवर आज म्हटलं, बुंदी खाटेखाली झोपली आहे. ती म्हणाली, "आपल्याकडे खाट कुठे आहे?" मी म्हटलं, पलंग म्हणायचं होतं.

१४ मे, शुक्रवार

लतिका घरी आली. मैत्रीने आणलं. लतिका अर्धी झाली आहे, मनगटं पोरीसारखी. चार पावलं चालली की थांबते. दारातून आत आल्याबरोबर जमिनीकडे बघायला लागली, पलंगाखाली, सोफ्याखाली.

"माझ्या खोलीत झोपली आहे," मी म्हणाले. "उठवू नको."

मैत्री चपला घालून तशीच थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण लतिकासमोर काही बोलली नाही. मला वाटलं होतं बोलेल. मी असते तर बोलले असते.

१५ मे, शनिवार

सकाळी चहा घेऊन लतिकाच्या खोलीत गेले. ती उशीला टेकून बसली होती.

"ताई, ती तुझ्या खोलीत नाही," म्हणाली. "मी रात्री भिंत धरून जाऊन आले."

बसले. सांगितलं. पिशवी, रिक्षा, नाडी. रामवती. मग, कोणी विचारलं नसताना, एकोणीस तारीखही सांगितली. चेतनाचा फोन, पाच जण. बोलताना माझा आवाज फाईल वाचून दाखवावी तसा येत होता, तो मला बदलता येईना.

लतिका ऐकत होती. चहावर साय धरली.

"तुला माहीत नव्हतं ना?" मी विचारलं. "माझ्यामुळे झालं ते?"

"होतं."

"कधीपासून?"

"तू आमटीला पिवळं पाणी म्हणालीस तेव्हापासून. मी त्यात दुप्पट हिंग घातला होता."

"मग बोलली का नाहीस? तपासणी केली असती, वेगळी राहिले असते."

"टेस्ट करू या म्हटलं होतं एकदा. आणखी बोलले असते तर तू मलाच आरोपी केलं असतंस. दमून जाते मी त्याने." ती श्वास घ्यायला थांबली. "आणि झाला तर झाला, बहीण आहे, असं वाटलं. कुठे जाणार होतीस तू?"

मी काहीतरी म्हणायला लागले. साथ, माहिती नव्हती, परिस्थिती.

"ताई," ती म्हणाली, "तुझ्याकडून मला आजार झाला. मी तुला पिशवीत घालून कुठे सोडून आले का?"

आवाज वाढवला नाही. तिला तेवढा श्वासच नव्हता. मग कप माझ्या हातात परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

१९ मे, बुधवार

बोलत नाही. विचारलं तर उत्तर देते. हो, नको, ठेव तिथे.

मी स्वयंपाक करते, ती जेवते. आज भाजीत मीठ दोनदा पडलं. तिने ते सगळं संपवलं, एक अक्षर न बोलता. मी सहा वर्षं हिच्या ताटासमोर बसून काय काय बोलले आहे, ते आठवायला बसले तर वही पुरणार नाही. आठवायला बसले नाही.

मैत्री रोज संध्याकाळी यंत्र लावायला येते. ९५, ९६. मी दार उघडते, ती 'मॅडम' म्हणते आणि आत जाते. तिच्याबद्दल लिहायला आज मला काही वाईट सापडलं नाही. चप्पल तिरकी काढते. एवढंच.

२३ मे, रविवार

सकाळी लतिका साडी नेसून, काठी घेऊन दाराशी उभी. "चल."

"मैत्रीला विचारलंस? एवढं ऊन..."

"तुला जागा माहीत आहे म्हणून सांगते. नाहीतर एकटी गेले असते."

बॅटरी रिक्षात दोघी. मधे तिची काठी. खादराच्या रस्त्यावर रिक्षा धक्के खात होती, तिला प्रत्येक धक्क्याला ढास लागत होती, आणि मी धरायला हात पुढे केला की ती दांडी धरायची. कुंपणापासून झोपडीपर्यंत पन्नास पावलं. ती सात वेळा थांबली. मी मागे उभी राहत होते. पुढे जायचा मला काही अधिकार आहे असं वाटलं नाही.

रामवती अंगणात तुळशीची रोपं पिशव्यांत भरत होती. लतिकाला पाहून उठली, हात पदराला पुसले, काही न विचारता खाट झटकली आणि तिला बसवलं. पाणी आणलं. लतिका अजून बोलायच्या अवस्थेत नव्हती. तिने नुसती जीभ टाळूला लावून टक टक आवाज केला.

झोपडीच्या आतून बुंदी आली. पळत नाही, मांजर कधी पळत येत नाही. अंगणात मधेच थांबून एक पाय चाटला, रामवतीच्या पायाला अंग घासलं, मग खाटेवर चढून लतिकाच्या मांडीवर गोल झाली. लतिकाने तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि रडायला लागली. श्वास पुरेना, तरी रडत होती. रामवतीने तिची पाठ चोळली. बहू दारात येऊन उभी राहिली, तिचेही डोळे भरलेले. मांजर तीन आठवडे तिच्या पांघरुणात झोपत होती म्हणे.

मी कुंपणाच्या कडेला उभी. बसायला कोणी सांगितलं नाही. बरोबरच होतं.

निघताना रामवतीने बुंदीला एका जुन्या टोपलीत बसवलं. वर ओढणी पसरली, पण बांधली नाही. "ऐसे ले जाना," म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मग माझ्याकडे हनुवटी करून लतिकाला विचारलं, "ये आपकी कौन लगती हैं?"

लतिका टोपली सावरत होती.  मला वाटलं, सांगणार नाही. शेजारीण म्हणेल, ओळखीची म्हणेल. मी स्वतःच तिला मनातल्या मनात तसे दोन-तीन शब्द सुचवत होते.

"बहन है," ती म्हणाली. "बड़ी।"

"ऐसी?"

लतिकाने माझ्याकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत.

"है तो यही है," ती म्हणाली.

 त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.